मोबाईलवर वाजते, वायफायवर नाही: ओव्यांच्या घरगुती सर्व्हरचं प्रकरण

आई प्राथमिक शिक्षिका होती. १९८८ ते १९९६ या काळात तिच्या बदल्या माण आणि खटाव तालुक्यांत होत राहिल्या. जिथे बदली होईल तिथल्या बायकांकडून ती जात्यावरच्या ओव्या कॅसेटवर उतरवून घ्यायची. अशा ५२ कॅसेट आमच्या साताऱ्याच्या घरी लोखंडी कपाटात होत्या. त्यांचं डिजिटल रूपांतर करायला मला दीड वर्ष लागलं. हाती आला ६१ तासांचा आवाज. मूळ प्रत म्हणून ठेवलेल्या बिनदाबाच्या, म्हणजे आकार कमी न केलेल्या, फायली एकोणीस-वीस जीबीच्या झाल्या, आणि ऐकवण्यासाठी केलेल्या सेकंदाला ६४ किलोबिट, म्हणजे ६४ केबीपीएसच्या एमपीथ्री फायली पावणेदोन जीबीच्या.

या ओव्या गाणाऱ्यांच्या घरच्यांना ऐकायला मिळाव्यात, एवढाच हेतू होता. फुकटच्या व्हिडिओ संकेतस्थळांवर चढवणं सोपं होतं, पण आईने आधीच सांगून ठेवलं होतं: "त्या बायांनी माझ्यासमोर गायलंय. कुणाच्या घरचं कुणी काढून टाक म्हणालं तर त्याच दिवशी काढता आलं पाहिजे." ओवीत सासरची नावं येतात, गावं येतात, दुखणी येतात. एकदा दुसऱ्याच्या कोठारात गेलेली फाईल पुन्हा कुठे कुठे उरते, याची खात्री मला देता आली नसती. म्हणून जून २०२२ मध्ये ठरवलं, सर्व्हर घरातच ठेवायचा.

यंत्राचा प्रश्न सर्वांत सोपा निघाला. भाच्याच्या कॉलेज प्रकल्पातून उरलेला रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा संगणक होता; पुढे त्याला नुसतं पाय म्हणते. एसएसडी (फायली ठेवायची वेगवान डिस्क) धरून तो साधारण ६ वॅट घेतो, म्हणजे दिवसरात्र चालू ठेवला तरी महिन्याला साडेचार युनिटच्या आत. जोडणीचाही वेग पुरेसा होता. एका श्रोत्याला ६४ केबीपीएस लागतात, तर एकाच वेळी शंभर जणी ऐकायला बसल्या तरी वर जाणारा वेग ६.४ एमबीपीएस लागेल. माझी जोडणी ५० एमबीपीएसची, आणि फायबर असल्याने अपलोडही ४०च्या खाली येत नाही. घरगुती इंटरनेटवर वेबसाइट चालणार नाही असं जे सरसकट म्हटलं जातं, ते वेगाच्या बाबतीत आता खरं राहिलेलं नाही. अडचण वेगळ्याच ठिकाणी होती.

सुरुवातीला पायथन या संगणक-भाषेसोबत येणारा साधा सर्व्हर लावला आणि घरातल्या घरात ऐकून पाहिलं. ओवी वाजली, पण मधूनच पुढे सरकवायला गेलं की सरकेना. तो सर्व्हर फाईलचा मधला तुकडा देत नाही, मागेल त्याला पहिल्यापासून सगळी फाईल देतो. चाळीस मिनिटांच्या बाजूत सातव्या ओवीवर जायचं तर तुकडा देता आलाच पाहिजे. म्हणून कॅडी हा दुसरा सर्व्हर प्रोग्राम बसवला. तो तुकडेही देतो आणि एचटीटीपीएसचं, म्हणजे बंद पाकिटातल्या जोडणीचं, प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या फुकट प्रमाणपत्रं देणाऱ्या सेवेकडून स्वतःच आणतो. डोमेन देवनागरीत घेतलं, शेवटी .भारत असलेलं. ही सोय २०१४ पासून आहे. गावाकडच्या बायकांना मराठी कळफलकावरून पत्ता लिहिता यावा, ही त्यामागची इच्छा होती. आत मात्र हे नाव एक्सएनपासून सुरू होणाऱ्या रोमन अक्षरांच्या लांब साखळीत साठवलं जातं, आणि कुणी काय मागितलं त्याच्या नोंदींत, म्हणजे लॉगमध्ये, पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा ते आपलंच नाव आहे हे ओळखायला मला वेळ लागला.

मग राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग केलं: ४४३ या वेबसाइटच्या दारावर (पोर्टवर) येणारं सगळं पायकडे पाठव. बाहेरून पाहिलं तर काहीच नाही. दोन रात्री मी राउटरचं प्रत्येक पान तपासलं, बाहेरून येणारं अडवणारी फायरवॉल पूर्ण बंद करून पाहिली, पाय नव्याने बसवला. घरातल्या वायफायवर सगळं चालायचं, दाराबाहेर काही नाही.

तिसऱ्या रात्री राउटरच्या पानावर बाहेरच्या जोडणीचा आयपी पत्ता नीट वाचला. तो १००.७२ ने सुरू होत होता. "माझा आयपी काय" सांगणाऱ्या संकेतस्थळावर दिसणारा पत्ता पूर्ण वेगळा. तिथेच सगळं उलगडलं. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते एप्रिल २०१२ मध्ये याच कामासाठी राखून ठेवले गेले: इंटरनेट देणाऱ्याने आपल्या अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवायचं. याला कॅरिअर ग्रेड नॅट म्हणतात, बोलताना सीजीनॅट.

आईला हे समजावताना वाड्याचं उदाहरण कामी आलं. वाड्याचा पत्ता एक, आत बिऱ्हाडं चाळीस. आतल्या बिऱ्हाडाने पत्र लिहिलं की दिंडी दरवाजावरचा माणूस कुणी लिहिलं ते वहीत टिपून ठेवतो आणि उत्तर आलं की बरोबर त्याच्या दाराशी नेऊन देतो. आपण वेबसाइट उघडतो, व्हिडिओ पाहतो, ते सगळं असं चालतं. पण बाहेरून आपणहून कुणी पत्र घेऊन आलं आणि पाकिटावर फक्त वाड्याचा पत्ता असला, तर ते कुणाचं? वहीत नोंद नाही, पत्र दरवाजातूनच परत. मी माझ्या बिऱ्हाडाचं दार सताड उघडून बसले होते आणि अडत होतं ते दिंडी दरवाजाशी. तो दरवाजा माझ्या ताब्यात नव्हता.

इंटरनेट देणाऱ्या केबलवाल्या दादांवर राग काढण्यात अर्थ नव्हता. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही ४ चे, पत्ते जगात एकूण ४२९ कोटी. जगाची मध्यवर्ती शिल्लक फेब्रुवारी २०११ मध्ये संपली, आणि त्याच वर्षी १५ एप्रिलला आशिया-पॅसिफिकमध्ये पत्ते वाटणारी संस्था एपनिक शेवटच्या गठ्ठ्यावर आली. त्यानंतर तिच्याकडून नव्या सभासदाला त्या गठ्ठ्यातून जास्तीत जास्त १०२४ पत्ते, आणि २०१९ पासून ५१२. उशिरा धंद्यात उतरलेल्या माणसाने हजारो घरं जोडायची ती एवढ्याच पत्त्यांत. त्याने वाडे बांधले नाहीत तर अर्धा तालुका इंटरनेटशिवाय राहील.

स्थिर पत्ता मागितला. तो फक्त व्यावसायिक योजनेवर मिळेल आणि भाडं तिप्पट पडेल, असं उत्तर आलं. याच वेळी मी जोडणीचा करार पहिल्यांदा पूर्ण वाचला. घरगुती जोडणीवर सार्वजनिक सेवा चालवू नये असं एक कलम त्यात होतं. अशी कलमं बऱ्याच करारांत असतात आणि लोक ती न वाचता पुढे जातात. मला ते पटेना, कारण उद्या हेच कलम दाखवून जोडणी तोडली तर सगळी मेहनत एका दिवसात बंद पडली असती. ईमेल लिहिला: ओव्यांचा संग्रह आहे, पैसे घेत नाही, वापर एवढा एवढा. आठवड्याने लेखी उत्तर आलं, व्यावसायिक वापर नसेल तर हरकत नाही, पण त्यासाठी तांत्रिक मदत मिळणार नाही. तो ईमेल मी छापून फाईलला लावला आहे. घरी सर्व्हर ठेवू पाहणाऱ्या प्रत्येकाने यंत्र विकत घ्यायच्या आधी हे एक काम करावं, असं मला मनापासून वाटतं.

वाट निघाली ती त्याच राउटरच्या त्याच पानावरून. खाली आणखी एक पत्ता होता, २४० ने सुरू होणारा, लांबलचक, अपूर्णविरामांनी तोडलेला. तो आयपीव्ही ६ चा. नव्या पद्धतीत पत्त्यांची टंचाई नसल्यामुळे वाड्याची गरज नाही. घरातल्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा, जगातून थेट गाठता येईल असा पत्ता मिळतो. राउटर बाहेरून येणारं सगळं आपोआप अडवतो, ते योग्यच आहे. मी फक्त पायच्या पत्त्यापुरतं आणि फक्त ४४३ पोर्टपुरतं दार उघडलं. डोमेनच्या नोंदीत हा पत्ता टाकला. जोडणी तुटून पुन्हा आली की पत्त्याचा पुढचा भाग बदलतो, म्हणून दर ५ मिनिटांनी पत्ता पाहून नोंद बदलणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली आणि इतरांनी ती नोंद लक्षात ठेवायची मुदतही ३०० सेकंदांचीच ठेवली.

सांगलीच्या मावशीला फोन केला. तिने मोबाईलवर पत्ता लिहिला आणि फोनमधूनच म्हसवडच्या एका आजींचा आवाज मला ऐकू आला. मावशी काही बोलली नाही. मीही नाही.

अर्ध्या तासाने मावसभावाचा फोन: "ताई, माझ्या लॅपटॉपवर उघडत नाहीये." त्याच घरात, त्याच वेळी. पुण्याच्या वहिनींच्या ऑफिसात उघडेना. दहिवडीत आईच्या जुन्या सहकारी बाईंकडे उघडलं. न्यू जर्सीतल्या चुलतभावाकडे उघडलं, पण इथे साताऱ्यात दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या मैत्रिणीकडे नाही. मी वहीत तक्ता केला: गाव, यंत्र, ब्राउझर, वेळ. चार दिवस त्यात काही सूत्र दिसेना. अंतराशी संबंध नाही, फोनच्या वयाशी नाही.

मग मैत्रिणीकडे प्रत्यक्ष गेले. तिच्या मोबाईलवर पान उघडत नव्हतं. सहज वायफाय बंद केलं आणि ते उघडलं. पुन्हा वायफाय सुरू केलं, बंद. तक्त्यात माझा एक रकानाच राहिला होता: मोबाईल डेटा की वायफाय.

भारतातल्या मोबाईल जाळ्यांवर आयपीव्ही ६ मोठ्या प्रमाणात आहे. २०१६ मध्ये जिओ सुरू झालं तेच मुळात या पद्धतीवर भर देऊन. घरोघरच्या स्थानिक केबल जोडण्यांवर मात्र ते कुठे आहे, कुठे नाही. माझ्या सर्व्हरला फक्त नवा पत्ता होता, त्यामुळे ज्यांच्या जोडणीला नवी पद्धत कळते त्यांनाच तो सापडत होता. माणदेशातल्या एखाद्या वस्तीवर चार हजारांच्या मोबाईलवरून ओवी ऐकू येत होती आणि पुण्याच्या ऑफिसातल्या महागड्या लॅपटॉपवर नाही, हे मला मनात कुठेतरी आवडलंही. पण संग्रह अर्ध्यांनाच ऐकू येऊन चालणार नव्हतं.

उरलेल्यांसाठी मुंबईतल्या डेटा सेंटरमधला सर्वांत छोटा भाड्याचा सर्व्हर घेतला, महिना साधारण चारशे रुपये. त्याला जुन्या पद्धतीचा सार्वजनिक पत्ता असतो. घरचा पाय आतून बाहेर जाऊन त्याच्याशी वायरगार्ड या प्रोग्रामने टनेल, म्हणजे इंटरनेटमधून जाणारा कुलूपबंद बोगदा, बांधून ठेवतो आणि दर २५ सेकंदांनी एक छोटं पाकीट पाठवतो, म्हणजे दिंडी दरवाजावरच्या वहीतली नोंद पुसली जात नाही. जुन्या पद्धतीने येणारे श्रोते मुंबईला येतात आणि टनेलमधून साताऱ्याला. नव्या पद्धतीचे थेट घरी. कुणी कुठून यायचं ते ब्राउझर दोन्ही वाटा चाचपून स्वतःच ठरवतो.

इथे एका गोष्टीवर मी अडून बसले. मुंबईचा सर्व्हर फक्त निरोप्या राहिला पाहिजे. तिथे प्रमाणपत्राची किल्ली नाही, फायली नाहीत, उघडून वाचण्याचा अधिकार नाही. तिथला एचएप्रॉक्सी हा प्रोग्राम येणारा प्रवाह बंद पाकिटासकट पुढे ढकलतो. पाकीट उघडतं ते घरीच. नाहीतर आईला दिलेला शब्द फक्त कागदावर राहिला असता. फुकटच्या तयार टनेल सेवाही आहेत आणि त्या अर्ध्या तासात लागतात, पण त्यांच्या नेहमीच्या मांडणीत पाकीट त्यांच्या यंत्रावर उघडतं. साध्या ब्लॉगसाठी मी तीच निवडली असती.

दीड महिना सुरळीत गेला. मग तक्रारी पुन्हा सुरू झाल्या: वायफायवर उघडत नाही, मोबाईलवर उघडतं. तोच जुना आजार. पण या वेळी तासाभराने आपोआप बरा व्हायचा आणि दुसऱ्या दिवशी वेगळ्याच वेळी परत यायचा. टनेल पाहिला, चालू. मुंबईचा सर्व्हर पाहिला, ठीक. पुन्हा चार दिवस गेले.

चूक माझी होती, आणि ती सुरक्षेच्या काळजीतून झाली होती. पहिलं प्रमाणपत्र मिळालं त्याच दिवशी, मी कुणाला पत्ता सांगायच्या आधी, लॉगमध्ये अनोळखी ठोके पडू लागले होते. आपण न बसवलेल्या वर्डप्रेसचं लॉगिन पान मागणारे, पासवर्डच्या फायली मागणारे. प्रत्येक नवं प्रमाणपत्र सार्वजनिक नोंदवहीत जातं आणि ती वही वाचत बसलेले बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम, काही मिनिटांत दारात येतात. मला कुणी ओळखून आलं नव्हतं. त्यांच्यासाठी मी फेलटूबॅन लावलं होतं: जो पत्ता वारंवार नसलेली पानं मागेल त्याला तासभर बंदी. पण टनेल आल्यापासून जुन्या पद्धतीचा प्रत्येक माणूस पायला एकाच पत्त्यावरून येताना दिसत होता, टनेलच्या तोंडाच्या पत्त्यावरून. खंबाटकीच्या बोगद्यातून बाहेर पडणारी गाडी मुंबईची की पुण्याची, हे नंबरप्लेट झाकली तर कसं कळणार? एका बॉटने खोडी केली की बंदी पडायची ती बोगद्यावरच.

उपाय दोन पायऱ्यांचा निघाला आणि दुसरी पायरी मला वाटेत ठेच लागल्यावर कळली. पहिली पायरी अशी की एचएप्रॉक्सीने प्रवाहाच्या सुरुवातीला खऱ्या पाहुण्याचा पत्ता एका ओळीत लिहून पाठवायचा आणि कॅडीने तो वाचायचा. लॉगमध्ये खरे पत्ते दिसू लागले, मला वाटलं संपलं. पण आता बंदी घातली तरी बॉट थांबेना. लॉगला खरा पत्ता कळला तरी फायरवॉलला पाकीट बोगद्यातूनच आलेलं दिसतं. ती ज्या पत्त्यावर बंदी घालते त्या पत्त्यावरून तिच्याकडे काही येतच नाही. म्हणून जुन्या पद्धतीच्या वाटेवरची बंदी मुंबईला, बोगद्याच्या पलीकडच्या तोंडाशी नेली. घरी राहिली ती थेट वाटेवरची.

आणखी एक काम मी सुरुवातीलाच करायला हवं होतं, ते याच सुमारास केलं. पाय घरच्या जाळ्यातून वेगळा काढला. राउटरवर त्याला स्वतंत्र जाळं दिलं, तिथून इंटरनेटकडे जाता येतं पण आईच्या फोनकडे किंवा फाटकावरच्या कॅमेऱ्याकडे नाही. २०१६ च्या मिराई या घातक प्रोग्रामच्या प्रकरणात असेच कॅमेरे आणि राउटर कारखान्यातून आलेल्या पासवर्डसकट वापरात असल्यामुळे लाखोंनी ताब्यात गेले होते. आमच्या कॅमेऱ्याचाही पासवर्ड कारखान्यातलाच होता. तोही बदलला. एसएसएच, म्हणजे दुरून यंत्र चालवायची वाट, बाहेरून पूर्ण बंद आहे. मला लागलं तर टनेलमधून येते, तेही किल्लीनेच.

विजेचं थोडक्यात सांगते. पावसाळ्यात आमच्याकडे वीज लपंडाव खेळते. सुरुवातीला कामाची सगळी व्यवस्था मेमरी कार्डावर होती, आणि अकराव्या महिन्यात अशाच एका झटक्यानंतर ते कार्ड फक्त वाचता येण्याजोगं उरलं, लिहिणं बंद. सतत लॉग लिहिल्याने ही कार्डं झिजतात. तेव्हापासून सगळं एसएसडीवर. फायबरचा डबा, राउटर आणि पाय एका छोट्या १२ व्होल्टच्या यूपीएसवर आहेत, त्यालाच ५ व्होल्टचं तोंड आहे. दीड तास निघतो. खांबावरच्या फायबरच्या फाट्याला वीज लागत नाही, त्यामुळे केबलवाल्यांच्या ऑफिसातली बॅटरी टिकेल तोवर अख्ख्या गल्लीत अंधार असतानाही ओवी वाजत राहते. एकदा मात्र मिक्सर लावायला जागा हवी म्हणून यूपीएसचाच प्लग काढला गेला, आणि दीड तासाने सगळं थंड. जगातला पहिला वेब सर्व्हर सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांच्या टेबलावरचा नेक्स्ट संगणक होता आणि त्यावर लाल शाईने लिहिलेली चिठ्ठी होती, हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नका. आमच्या प्लगवरही आता आईच्या अक्षरात चिठ्ठी आहे.

दुसरी प्रत सांगलीला मामाकडे एका डिस्कवर असते. दर रविवारी रात्री ती टनेलमधूनच ताजी होते, आणि इथून काढलेली फाईल तिथूनही जाते.

गेल्या फेब्रुवारीत वडूजजवळच्या एका वाडीतून फोन आला. तिथल्या एका आजींच्या नातवाने आजीचा आवाज पहिल्यांदाच ऐकला होता. ती गेली तेव्हा तो दोन वर्षांचा होता. बराच वेळ तो गावाबद्दल बोलत राहिला. मग म्हणाला, "ताई, तीन ओव्यांत आत्याच्या सासरचं नाव घेऊन बोललीय आजी. आत्या अजून तिथंच नांदतीय." कोणत्या तीन, ते त्याने मिनिट-सेकंदांसकट सांगितलं. आईला विचारायची गरज नव्हती, तरी विचारलं. त्या संध्याकाळी तो भाग कापून त्या बाजूची नवी फाईल केली, जुनी पुसली, मूळ मोठ्या प्रतीतूनही तो भाग काढला. मुंबईच्या सर्व्हरवर शोधायला काही नव्हतंच. रविवारी मामाकडच्या डिस्कवरूनही जुनी फाईल गेल्याचं पाहून मी त्या मुलाला फोन केला. मूळ कॅसेट आई आणि मी पुढच्या शनिवारी एसटीने जाऊन त्याच्या आत्याच्या हातात दिली.